ऑईल कूलरची होज आणि पाऊण इंचाची मोकळी जागा

विमान पायपर चेरोकी, पीए-२८-१८०. चार आसनं, लायकमिंगचं ओ-३६० इंजिन, १८० अश्वशक्ती. ॲरिझोनातल्या आमच्या हँगरमध्ये ते वार्षिक तपासणीसाठी आलं, तेव्हा मालकाने दिलेल्या कामांच्या यादीत तेलाचा विषय सगळ्यात शेवटी होता: उतरल्यावर टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, केबिनमध्ये करपट वास येतो आणि पोटाखाली तेलाचे बारीक ठिपके दिसतात. ठिपक्यांचं खापर त्यांनी ब्रीदरवर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवर, फोडलं होतं. तसं वाटणं साहजिक आहे. या इंजिनाच्या संपात, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीत, ८ क्वार्ट तेल मावतं आणि पूर्ण ८ भरलं की वरचं थोडं ब्रीदरच्या नळीतून बाहेर फेकलं जातं, हे चेरोकी उडवणाऱ्या कुणालाही विचारा. पण तेवढ्याने करपट वासाचा हिशेब लागत नव्हता. तेल करपायला ते कुठेतरी तापलेल्या धातूवर पडावं लागतं.

प्रकरण सविस्तर मांडतोय ते एका समजुतीसाठी. फायरस्लीव्ह, म्हणजे सिलिकॉनचा थर दिलेली काचेच्या धाग्यांची खोळ, चढवली की होज (तेलाची लवचिक नळी) उष्णतेपासून वाचली, असं अनेक मेकॅनिक आणि बहुतेक विद्यार्थी धरून चालतात. या विमानाच्या ऑईल कूलरच्या होजवर फायरस्लीव्ह होती. योग्य मापाची होती, दोन्ही टोकांना स्टीलच्या पट्ट्या नीट आवळलेल्या होत्या. तरीही आतली होज निकामी झाली होती.

आधी रचना समजून घेऊ, कारण सगळी अडचण तिथूनच सुरू होते. जुन्या चेरोकींमध्ये ऑईल कूलर, म्हणजे तेल थंड करणारी जाळी, पुढे, काउलिंगच्या (इंजिनावरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) तोंडाशी असतो. थंड हवा आधी तिथेच पोहोचते, त्यामुळे कूलरसाठी जागा उत्तम. पण तेलाचा पंप असतो इंजिनच्या मागच्या टोकाला, ॲक्सेसरी केसमध्ये. म्हणजे तेलाने मागून निघून पुढे कूलरपर्यंत जायचं आणि पुन्हा मागे यायचं. एक जाणारी, एक येणारी, अशा दोन होज इंजिनच्या जवळजवळ पूर्ण लांबीभर पसरलेल्या. लायकमिंगच्या या सिलिंडरना एक्झॉस्टची तोंडं खालच्या अंगाला असतात आणि तिथून नळ्या मफलरकडे उतरतात. पुढच्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट नळीला वळसा घातल्याशिवाय होज कूलरपर्यंत जाऊच शकत नाही. नंतरच्या काही मॉडेल्समध्ये कूलर मागे नेला, तेव्हा हा प्रश्न बराचसा मिटला.

अमेरिकेच्या एफएएला, म्हणजे तिथल्या हवाई वाहतूक नियामकाला, ही जागा फार पूर्वीच खटकली होती. १९७६ मध्ये एक आदेश निघाला. पुढे त्याची जागा ९५-२६-१३ या क्रमांकाच्या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हने, म्हणजे सक्तीने पाळायच्या सुरक्षा आदेशाने, घेतली. पीए-२८ आणि पीए-३२ मालिकांतल्या ठरावीक मॉडेल्सना तो लागू आहे. मुद्दे थोडके आहेत: ऑईल कूलरच्या होज दर १०० तासांनी तपासा, ८ वर्षं किंवा १००० तास, जे आधी होईल तेव्हा बदला, होज आणि पुढच्या एक्झॉस्ट नळ्या यांच्यात निदान २ इंच मोकळी जागा ठेवा. या विमानाच्या लॉगबुकात दर १०० तासांनी "तपासलं, आदेशाची पूर्तता झाली" अशी नोंद होती. मोकळी जागा किती भरली, हा आकडा मात्र एकाही नोंदीत नव्हता.

काय सापडलं

खालचं काउलिंग उतरवलं. दोन्ही होज लालसर-विटकरी फायरस्लीव्हमध्ये होत्या. लांबून पाहिलं तर सगळं ठीक. आरसा आणि टॉर्च घेऊन खालून पाहिल्यावर, परतीच्या होजच्या एक्झॉस्ट नळीकडच्या अंगाला वीतभर पट्टा वेगळा दिसला. विटकरी रंग उडून राखाडी झालेला, आणि बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी हाताला लागत होती. सिलिकॉनचा थर जळून गेला होता आणि खालचे काचेचे धागे उघडे पडले होते. त्याच होजचं पाठचं अंग, म्हणजे नळीकडे पाठ असलेली बाजू, नव्यासारखी मऊ आणि विटकरी. तपासणारा उभा राहतो तिथून नेमकी हीच चांगली बाजू दिसते.

त्या जागी मोकळी जागा मोजली ती पाऊण इंच. हवी होती २ इंच.

तेल मात्र या पट्ट्याजवळ नव्हतं. ते दिसत होतं बरंच मागे, उताराच्या टोकाला, फायरस्लीव्हच्या पट्टीखालून थेंबाथेंबाने येत होतं. तिथल्या फिटिंगच्या नटावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. गळती फिटिंगचीच समजून कुणीतरी तो नट पुन्हा पुन्हा आवळला होता. फायरस्लीव्हच्या बाबतीत ही फसगत कायम होते. होजला आत बारीक चीर पडली की तेल काचेच्या धाग्यांतून झिरपत जातं आणि जिथे उतार संपतो तिथे बाहेर पडतं. गळती एकीकडे, थेंब दुसरीकडे. शिवाय तेल प्यायलेली फायरस्लीव्ह आग अडवत नाही, आगीला वात पुरवते. तेलाने भिजलेली स्लीव्ह पुसून परत वापरायची नसते, बदलायचीच असते.

आणखी एक गोष्ट पुढच्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट फ्लँजवर, म्हणजे नळी सिलिंडरला जोडणाऱ्या कडेवर, सापडली: गॅस्केटच्या एका कडेतून निघालेला पांढरट-राखाडी फराटा. असा फराटा म्हणजे तिथून वायू बाहेर पडतोय. खात्रीसाठी आम्ही नेहमीची चाचणी केली. व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप फुंकण्याच्या बाजूला लावून टेलपाइपमध्ये घट्ट बसवला आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. बाकीचे जोड शांत. या एका फ्लँजवर फेस उसळला, आणि त्या कडेचा रोख सरळ होजच्या राखाडी पट्ट्याकडे होता.

होज कापून पाहिली

काढलेली होज मी टाकू दिली नाही. स्लीव्ह सोलून ती उभी चिरली. मागचा अर्धा भाग रबरासारखाच होता. वाकवला की वाकायचा, सोडला की सरळ व्हायचा. पट्ट्याखालचा भाग वाकवताना करकर आवाज आला. आतलं अस्तर कडक होऊन त्यावर आडव्या भेगा पडल्या होत्या आणि एका जागी पापुद्रा सुटून उभा राहिला होता. गळतीइतकाच या पापुद्र्याचा धोका आहे. तो आणखी सुटला असता तर तेलाच्या वाटेत झडपेसारखा आडवा आला असता, किंवा तुकडा तुटून थेट इंजिनात गेला असता.

फुटली असती तर काय, हे वेगळं सांगायला नको. या इंजिनात चालू स्थितीत तेलाचा दाब साधारण ६० ते ९० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असतो. तेवढ्या दाबाने होज उघडली तर संप रिकामा व्हायला मोजकीच मिनिटं लागतात, आणि निघालेलं तेल एक्झॉस्टवर पडतं. एका वेळी इंजिन जाम होण्याची आणि आगीची, दोन्हींची तयारी.

होज इतकी का तापली

होज रबरी होती, मध्यम दाबाची, स्टीलच्या तारेची जाळी असलेली. अशा होजची कमाल मर्यादा २५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १२१ अंश सेल्सिअस. आता तेलाच्या तापमापकावरची लाल रेघ पाहा: २४५ फॅरनहाइट, ११८ सेल्सिअस. उन्हाळ्यात लांब चढाईत तेल या रेघेजवळ गेलं, तर होजला आतूनच तिच्या मर्यादेपर्यंत आणून सोडतं. बाहेरून येणाऱ्या उष्णतेसाठी तीन अंशांची जागा उरते. हे गणित मला प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः मांडून पाहावंसं वाटतं.

आणि बाहेर काय आहे? सिलिंडरमधून निघणारा वायू ७०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. नळीचा पत्रा त्याहून कमी तापतो, पण रात्री काउलिंग काढून इंजिन चालवलं तर नळ्या अंधुक लाल दिसतात. धातू डोळ्यांना लाल दिसू लागतो साधारण ५२५ अंशांना, म्हणजे पत्रा निदान तितका तापलेला. तापलेल्या वस्तूचं किरणोत्सर्जन केवळ तापमानाच्या पटीत वाढत नाही, निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. म्हणून अशा नळीशेजारी एकेक बोट अंतराला किंमत आहे. पावणेदोन इंच व्यासाची लांब नळी धरली, तर पृष्ठभागापासून पाऊण इंचावर पडणाऱ्या उष्णतेच्या तुलनेत २ इंचांवर पडणारी सुमारे ४० टक्क्यांनी कमी असते. कुठलाही साहित्यखर्च न करता.

फायरस्लीव्ह इथे काय करते, हा खरा प्रश्न. ती आहे आगीसाठी. 'फायर रेझिस्टंट' होजची कसोटी म्हणजे २००० फॅरनहाइट, अर्थात १०९३ सेल्सिअसच्या ज्वाळेत ५ मिनिटं टिकणं, तेही होजमधून द्रव वाहत असताना. आग लागली तर वैमानिकाने इंधन बंद करून उतरायची सोय बघावी, तेवढा वेळ मिळवून देणारी ती वस्तू आहे. वर्षानुवर्षं, शेकडो तास, एकाच अंगाला भाजत राहणं हा तिच्या कसोटीचा भाग नाही. जाड थर असल्याने ती उष्णता हळू आत सोडते, थांबवत नाही. विमान तासभर उडलं की तो थर तापून स्थिर होतो आणि मग आतल्या होजचं तापमान ठरवतं ते वाहणारं तेल.

ते तेल वाहायचं थांबलं की? इंजिन बंद झाल्यावर पंखा थांबतो, काउलिंगमधून हवा जायची थांबते, तेल होजमध्ये तसंच उभं राहतं, आणि एक्झॉस्ट मात्र अजून भयंकर तापलेला असतो. आम्ही स्लीव्हच्या पृष्ठभागावर थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावून पाहिलं: इंजिन बंद केल्यावर आकडा लगेच उतरला नाही, आधी चढला. होजचा सगळ्यात वाईट काळ आकाशात नसून पार्किंगमध्ये असतो. म्हणूनच दिवसभरात आखूड उड्डाणं करणारी, पुन्हा पुन्हा बंद-चालू होणारी प्रशिक्षणाची विमानं या बाबतीत जास्त सोसतात. आपल्याकडे गोंदिया, जळगाव, धुळे, बारामती इथे मे महिन्याच्या दुपारी ॲप्रनवर उभी असलेली प्रशिक्षण विमानं डोळ्यांपुढे आणा. विमान कुठल्या बनावटीचं आहे याने फारसा फरक पडत नाही. रबराबद्दलचा ढोबळ नियम असा की दर दहा अंश वाढीला त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं.

पण पाऊण इंच आलं कुठून? विमान कारखान्यातून तसं बाहेर पडलं नव्हतं. आधीच्या बदलाच्या वेळी होज गरजेपेक्षा लांब बनवली गेली होती, त्यामुळे ती मधे झुकत होती. तिला वर धरणाऱ्या क्लॅम्पचं रबरी अस्तर उष्णतेने आक्रसून गेलं होतं, म्हणून क्लॅम्प ढिला होऊन सरकला होता. आणि इंजिन माउंटची, म्हणजे इंजिन धरणाऱ्या सांगाड्याची, रबरं दबून बसल्याने इंजिनच पुढून थोडं खाली आलं होतं. स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची टोपी) आणि काउलिंग यांची रेष जुळत नव्हती, हे विमान हँगरमध्ये ढकलत आणतानाच दिसलं होतं. इंजिन खाली आलं की खालचं काउलिंग होजला नळीकडे ढकलतं. यातलं एकेक कारण सुटं असतं तर कदाचित निभावलं असतं. त्यात गॅस्केटमधून सुटलेल्या वायूच्या झोताची भर पडली आणि होजचा निकाल लागला.

काय केलं, आणि कोणत्या क्रमाने

क्रमाला इथे महत्त्व आहे. मालकांना होज लगेच बदलून हवी होती. ती आम्ही सगळ्यात शेवटी बदलली.

आधी एक्झॉस्ट. फ्लँज सपाट आहे का ते पाहिलं, नवं गॅस्केट घातलं, नट ठरलेल्या टॉर्कला आवळले, इंजिन तापवून थंड झाल्यावर पुन्हा तपासले, मग साबणाची चाचणी परत. फेस नाही. मग इंजिन माउंटची रबरं. ती बदलल्यावर इंजिन आपल्या जागी वर आलं आणि स्पिनरची रेष जुळली. होजची लांबी आता मोजायची. बसलेल्या इंजिनवर माप घेतलं असतं तर नवी होजही चुकीचीच बनली असती.

लांबीचा नियम एफएएच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शक पुस्तिकेत आहे: दोन टोकांमधल्या वाटेपेक्षा ५ ते ८ टक्के जास्त. दाब आल्यावर होजची लांबी २ टक्क्यांनी वाढू शकते किंवा ४ टक्क्यांनी कमी होऊ शकते, त्याची ही तरतूद. ३० इंचांच्या वाटेला दीड ते सव्वादोन-अडीच इंच जास्त पुरतात. त्याहून जास्तीची लांबी शेवटी एक्झॉस्टकडेच लोंबते.

होज या वेळी टेफ्लॉनच्या अस्तराची निवडली, स्टीलची जाळी आणि कारखान्यातच चढवलेली फायरस्लीव्ह असलेली. टेफ्लॉनची मर्यादा ४५० फॅरनहाइट, २३२ सेल्सिअस. रबराच्या जवळजवळ दुप्पट. पण टेफ्लॉनचा एक स्वभाव माहीत हवा: तापल्यावर तो बसवलेल्या आकारात कायमचा घडतो. पुढच्या कुठल्या कामासाठी होज काढली, तर ती सरळ करायची नाही. दोन टोकांमध्ये तार बांधून तोच बाक राखून ठेवायचा. सरळ केली तर आत मुरड पडते आणि ती बाहेरून दिसत नाही. बसवताना पीळ पडू नये म्हणून एक पाना फिटिंगच्या षट्कोनावर धरायचा आणि दुसऱ्याने नट आवळायचा. फायरस्लीव्हमुळे होजवरची सरळ रेघ दिसत नाही, त्यामुळे इथे डोळ्यांवर विसंबता येत नाही.

क्लॅम्प सिलिकॉनच्या अस्तराचे घेतले. नियमाप्रमाणे २४ इंचांना एक आधार पुरतो, पण वळणाच्या अलीकडे आम्ही एक जास्तीचा दिला, कारण होज झुकते ती नेमकी तिथे. दोन्ही क्लॅम्प इंजिनलाच धरून आहेत, माउंटच्या नळ्यांना नाहीत. पंप आणि कूलर दोन्ही इंजिनबरोबर हलतात. होजचा मधला भाग स्थिर नळीला बांधला, तर सुरू होताना आणि बंद होताना इंजिन हादरतं तेव्हा ती तिथेच घासते.

मोकळी जागा काउलिंग उघडं असताना सव्वादोन इंच भरली. तेवढ्यावर थांबलो नाही. होजच्या नळीकडच्या अंगावर मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचा २ इंच उंचीचा गोळा लावला, काउलिंग बसवून सगळे स्क्रू आवळले, इंजिन हाताने जोर लावून वर-खाली हलवलं आणि काउलिंग परत उतरवलं. गोळ्याच्या टोकावर नळीचा ठसा उमटला नव्हता.

आडोशाचा प्रश्न

मालकांना एक्झॉस्ट नळीवर स्टीलच्या पत्र्याचा आडोसाही बसवून हवा होता. मागणी चुकीची नव्हती. किरणांनी येणारी उष्णता अडवायला मधे उभा केलेला पातळ पत्रा फार गुणकारी असतो. नळीसारख्याच पृष्ठभागाचा एक पत्रा मधे आला तरी पलीकडे जाणारी उष्णता निम्म्यावर येते, आणि चकचकीत स्टेनलेस असेल तर त्याहून बरीच खाली. अट एकच: पत्रा नळीला चिकटलेला नको, मधे हवा खेळायला फट हवी. ॲल्युमिनियमचा आडोसा नळीवर बसवायचा नाही. ते ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. नळीभोवती गुंडाळायच्या उष्णतारोधक पट्ट्या तर विमानात नकोतच. त्या उष्णता नळीतच कोंडतात, ओल धरतात आणि नळीला गेलेला तडा झाकून टाकतात.

पण इथे मी आडोशाला नाही म्हटलं. २ इंच मोकळी जागा मिळाली होती, वायूची गळती बंद झाली होती. आडोसा नळीवर दोन क्लॅम्पनी धरला जातो. ते क्लॅम्प थरथरून सैल होतात, नळी घासतात आणि त्यांच्याखाली तडा गेला तर दिसत नाही. शिवाय टाइप सर्टिफिकेट, म्हणजे नियामकाने मंजूर केलेला आराखडा, असलेल्या विमानावर असा बदल मनाने करता येत नाही, त्यासाठी मंजूर तांत्रिक आधार लागतो. भारतातही डीजीसीएच्या, म्हणजे इथल्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमांत वाट तीच आहे, आणि विमानाचं डिझाइन ज्या देशाचं आहे त्या देशाचे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह तिथेही पाळावेच लागतात. ज्या इंजिनात काही केल्या अंतर मिळत नाही तिथे आडोसा लावावा, आणि तो मंजुरी घेऊन. अंतर मिळत असताना तो लावणं म्हणजे तपासायची आणखी एक गोष्ट वाढवणं.

त्याऐवजी तापमान दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. ठरावीक तापमान ओलांडलं की त्यांवरचा एकेक चौकोन कायमचा काळा पडतो. एक पट्टी स्लीव्हच्या नळीकडच्या अंगाला, दुसरी पाठीमागे. पुढच्या १०० तासांच्या तपासणीला विमान आलं तेव्हा आधी त्याच पाहिल्या. नळीकडच्या पट्टीवर खालचे काही चौकोन काळे होते, १२१ अंशांचा चौकोन पांढराच. स्लीव्हचा रंग दोन्ही अंगांनी सारखा. पोट कोरडं. वास गेल्याचं मालकांनी आधीच कळवलं होतं. वळणाजवळच्या क्लॅम्पचा स्क्रू मात्र पाव फेरा सैल निघाला, तो आवळून त्यावर खूण केली.

लॉगबुकातली नोंद अशी झाली: होजचा भाग क्रमांक, बनवल्याची तारीख, एक्झॉस्टपासूनची मोकळी जागा तीन ठिकाणी, इंचांत, इंजिन थंड असताना, काउलिंग बसवून मातीच्या गोळ्याने पडताळलेली, आणि तापमानपट्ट्यांवरचे काळे पडलेले चौकोन. त्यानंतरची तपासणी दुसऱ्या हँगरमध्ये झाली. तिथल्या मेकॅनिकने त्या तीन आकड्यांखाली स्वतःचे तीन आकडे लिहिले आहेत.